एलिझाबेथ फ्राय

एलिझाबेथ फ्राय (माहेरचे आडनाव गर्नी, २१ मे, १७८० - १२ ऑक्टोबर, १८४५) या इंग्लंडमधील समाजसेविका, क्वेकर पंथाच्या धर्मोपदेशिका व तुरुंगसुधारणेच्या आद्य प्रवर्तक होत्या. लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्री कैद्यांमध्ये त्यांनी केलेल्या कार्यामुळे त्या युरोपभर प्रसिद्ध झाल्या. कैद्यांना शिक्षण व काम मिळवून देण्यापुरते हे कार्य मर्यादित नव्हते. शिक्षा संपल्यावर तुरुंगाबाहेर पडणाऱ्या स्त्रीला निवारा, रोजगार व प्रतिष्ठा कशी मिळेल, हा प्रश्न त्यांनी आपल्या कार्याच्या केंद्रस्थानी आणला.

== प्रारंभिक जीवन ==

एलिझाबेथ यांचा जन्म इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉर्विच येथे झाला. वडील जॉन गर्नी हे लोकरीचे व्यापारी असून गर्नी घराण्याच्या बँकेत भागीदार होते. आई कॅथरीन या बार्कले या सधन बँकर घराण्याशी संबंधित होत्या. एलिझाबेथ बारा वर्षांच्या असताना आईचे निधन झाले. नॉर्विचजवळील अर्लहॅम हॉल या प्रशस्त वाड्यात भावंडांच्या मोठ्या परिवारात त्या वाढल्या.

गर्नी कुटुंब क्वेकर असले तरी पंथाचे कडक नियम पाळणारे नव्हते. रंगीत वस्त्रे, संगीत व नृत्य यांना घरात मज्जाव नव्हता. १७९८ मध्ये विल्यम सेव्हरी या अमेरिकन क्वेकर उपदेशकाचे प्रवचन ऐकल्यावर एलिझाबेथ यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. त्यांनी हळूहळू साधा वेश स्वीकारला, परिसरातील गरीब व आजारी लोकांची विचारपूस सुरू केली आणि घरातच मुलांची शाळा भरवली. या शाळेतील मुलांची संख्या पुढे सत्तरच्या वर गेली.

१९ ऑगस्ट, १८०० रोजी त्यांचा विवाह लंडनमधील व्यापारी जोसेफ फ्राय यांच्याशी झाला. या दांपत्याला एकूण अकरा अपत्ये झाली. १८११ मध्ये क्वेकर समाजाने त्यांना धर्मोपदेशिका म्हणून मान्यता दिली. त्या काळी इंग्लंडमधील बहुतेक पंथांत स्त्रियांना प्रवचन करण्याचा अधिकार नव्हता. क्वेकरांमध्ये तो होता. सभेपुढे उभे राहून शांतपणे बोलण्याचा तेथे झालेला सराव त्यांना पुढे तुरुंगात उपयोगी पडला.

== न्यूगेट तुरुंग ==

१८१३ च्या हिवाळ्यात स्टीफन ग्रेलेट या क्वेकर उपदेशकाने न्यूगेट तुरुंगाला भेट दिली. तेथील स्त्रियांची दशा पाहून तो थेट एलिझाबेथ फ्राय यांच्याकडे आला. त्यांनी तातडीने सख्यांच्या मदतीने तान्ह्या बाळांसाठी उबदार कपडे शिवले आणि अ‍ॅना बक्स्टन यांना सोबत घेऊन त्या तुरुंगात गेल्या.

न्यूगेटमध्ये सुमारे तीनशे स्त्रिया आपल्या मुलांसह अत्यंत अपुऱ्या जागेत कोंडलेल्या होत्या. शिक्षा झालेल्या व खटल्याची वाट पाहणाऱ्या, किरकोळ चोरी केलेल्या व फाशीची शिक्षा सुनावलेल्या, अशा सर्व जणी एकत्रच राहत. झोपायला गवत, अंगावर चिंध्या आणि हाताला काहीही काम नाही, अशी स्थिती होती. पैसे असतील त्यांना दारू मिळे. तुरुंगाचे अधिकारीही या विभागात एकट्याने जाण्यास कचरत.

यानंतर बाळंतपणे, मुलांची आजारपणे, एका लहान मुलीचा मृत्यू व आर्थिक अडचणी यांमुळे जवळजवळ चार वर्षे त्यांना या कामाकडे वळता आले नाही. १८१६ च्या अखेरीस त्या पुन्हा न्यूगेटमध्ये गेल्या. या वेळी त्यांनी कैदी मातांसमोर त्यांच्या मुलांसाठी शाळा काढण्याचा विचार मांडला. मातांनी तो उचलून धरला आणि आपल्यातूनच मेरी कॉनर या तरुणीची शिक्षिका म्हणून निवड केली. तिच्यावर घड्याळ चोरल्याचा आरोप होता. एका रिकाम्या कोठडीत शाळा सुरू झाली. थोड्याच दिवसांत मोठ्या स्त्रियाही आपल्याला शिकवावे, काम द्यावे, अशी मागणी करू लागल्या.

== स्त्रियांची संघटना व कामाची व्यवस्था ==

एप्रिल १८१७ मध्ये फ्राय यांनी न्यूगेटमधील स्त्री कैद्यांच्या सुधारणेसाठी बारा स्त्रियांची संघटना स्थापन केली. संघटनेने देखरेखीसाठी एक वेतनी स्त्री अधिकारी नेमली. वर्तनाचे नियम तयार केल्यावर ते कैद्यांवर लादण्यात आले नाहीत. प्रत्येक नियम मोठ्याने वाचला गेला आणि कैदी स्त्रियांनी हात वर करून त्याला संमती दिली. त्यांचे लहान गट पाडून प्रत्येक गटावर त्यांच्यातीलच एकीला प्रमुख नेमले गेले.

हाताला काम मिळणे ही या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची बाब होती. स्त्रिया शिवणकाम व विणकाम करू लागल्या. पहिल्या दहा महिन्यांत त्यांनी सुमारे वीस हजार कपडे तयार केले. यातून मिळणाऱ्या अल्प मोबदल्यातून त्या स्वतःच्या कपड्यांसाठी वर्गणी काढत व संघटना तीत भर घाली. काम शिकलेली व त्याचा मोबदला घेण्याची सवय झालेली स्त्री सुटकेनंतर चोरीकडे वळण्याचा संभव कमी, हा यामागील विचार होता.

१८१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने तुरुंगांविषयी फ्राय यांची साक्ष घेतली. संसदीय समितीपुढे साक्ष देणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. त्याच वर्षी बंधू जोसेफ जॉन गर्नी यांच्यासह त्यांनी उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडमधील तुरुंगांची पाहणी केली. तिचा वृत्तांत १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १८२१ मध्ये देशभरच्या स्थानिक समित्यांना जोडणारी स्त्रियांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. १८२३ च्या तुरुंग कायद्याने स्त्री कैद्यांना पुरुषांपासून वेगळे ठेवून त्यांच्यावर स्त्री अधिकारीच नेमावेत, असे ठरवले.

== हद्दपारीची जहाजे ==

त्या काळी इंग्लंडमधील अनेक कैद्यांना सागरपार ऑस्ट्रेलियातील वसाहतींत पाठवले जाई. न्यूगेटमधून स्त्रियांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून बंदरावर नेत. रस्त्यात जमावाची हेटाळणी सोसावी लागे. त्यामुळे आदल्या रात्री तुरुंगात दंगल, मोडतोड व आकांत होणे ठरलेले असे. १८१८ मध्ये मारिया या जहाजावर स्त्रिया पाठवायच्या होत्या. त्यांना बंद घोडागाड्यांतून न्यावे, असे फ्राय यांनी अधिकाऱ्यांना पटवले आणि आपण स्वतः बंदरापर्यंत सोबत येऊ, असे वचन कैद्यांना दिले. त्या रात्री दंगल झाली नाही.

मारियानंतर दोन दशकांहून अधिक काळ फ्राय व त्यांच्या सहकारी स्त्री कैद्यांच्या जहाजांना भेटी देत राहिल्या. अशी जहाजे शंभरावर भरतात व त्यांवरील स्त्रियांची संख्या सुमारे बारा हजार होते. प्रत्येक स्त्रीला एक पिशवी मिळे. तीत बायबल, सुया, दोरा, कात्री व रंगीबेरंगी कापडाचे तुकडे असत. अनेक महिन्यांच्या प्रवासात या तुकड्यांची गोधडी शिवायची, ती विकून चार पैसे गाठीला बांधायचे किंवा नव्या भूमीवर नोकरी मागताना आपल्या हातच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायची, अशी ही कल्पना होती. हद्दपार झालेल्या स्त्रीला नव्या आयुष्याच्या सुरुवातीसाठी मिळणारे हे तुटपुंजे, पण स्वकष्टाचे भांडवल होते.

अशा गोधड्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध गोधडी १८४१ मध्ये राजा या नावाच्या जहाजावर तयार झाली. या जहाजातून सुमारे १८० स्त्रिया टास्मानियातील होबार्टला गेल्या. केझिया हेटर यांच्या देखरेखीखाली त्यांनी २,८१५ तुकड्यांची गोधडी शिवून तीवर संस्थेतील स्त्रियांविषयी कृतज्ञतेचा मजकूर भरतकामाने उमटवला. ही गोधडी आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे.

वसाहतीत उतरल्यावर या स्त्रियांचे काय होते, याचीही फ्राय यांना काळजी होती. न्यू साउथ वेल्समधील पाद्री सॅम्युएल मार्सडेन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. निवाऱ्याची सोय नसल्यामुळे अनेकींना केवळ डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून कोणाचाही आश्रय पत्करावा लागतो, हे कळल्यावर त्यांनी सरकारकडे निवासाच्या व्यवस्थेचा आग्रह धरला.

== सुटकेनंतरचा प्रश्न ==

इंग्लंडमध्येच सुटणाऱ्या स्त्रियांची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. गरीब स्त्रीला मिळू शकणारे मुख्य काम म्हणजे घरकामाची नोकरी. त्यासाठी पूर्वीच्या मालकिणीचे शिफारसपत्र लागे. तुरुंगातून आलेल्या स्त्रीजवळ ते कोठून असणार? घरचे दार बंद, नोकरी नाही, खिशात पैसा नाही. अशा अवस्थेत ती पूर्वीच्याच सोबतीत परते आणि काही दिवसांत पुन्हा तुरुंगात येई. तुरुंगात मनापासून सुधारलेल्या स्त्रियाही केवळ आसऱ्याअभावी परत येतात, हे फ्राय यांनी वारंवार पाहिले. कैद्याची खरी परीक्षा सुटकेच्या दिवशी सुरू होते आणि त्या परीक्षेत समाजही उभा असतो, अशी त्यांची धारणा झाली.

ही खंत त्यांनी कॅरोलिन नीव्ह या परिचित तरुणीजवळ बोलून दाखवली. त्या बोलण्यातून प्रेरणा घेऊन नीव्ह यांनी १८२२ मध्ये वेस्टमिन्स्टरमधील टॉटहिल फील्ड्स येथे सुटून आलेल्या स्त्रियांसाठी निवारागृह सुरू केले. आरंभी तेथे मोजक्याच स्त्रिया होत्या. त्यांना शिवण, धुणे व घरकामाचे शिक्षण देऊन नोकरीस लावले जाई. निवारागृहाचा विश्वास हेच शिफारसपत्राची जागा घेई. १८२५ मध्ये चेल्सी येथे गुन्ह्याच्या वाटेला लागलेल्या लहान मुलींसाठी शाळा निघाली. मोठ्या कैद्यांच्या संगतीत ठेवण्याऐवजी त्यांना तेथे शिक्षण दिले जाई.

== इतर कार्य ==

१८१९-२० च्या कडक हिवाळ्यात थंडीने मरण पावलेला एक मुलगा लंडनमध्ये आढळल्यावर फ्राय यांनी बेघरांसाठी रात्रनिवारा उभारण्यास मदत केली. १८२४ मध्ये ब्रायटन येथे गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या स्वयंसेवकांची संस्था त्यांच्या प्रेरणेने निघाली. एकाकी ठाण्यांवर राहणाऱ्या तटरक्षकांसाठी त्यांनी ग्रंथालये उभारली. १८४० मध्ये त्यांनी परिचारिकांना प्रशिक्षण देणारी संस्था लंडनमध्ये स्थापन केली. फ्रान्स, प्रशिया, डेन्मार्क इत्यादी देशांतील तुरुंगांनाही त्यांनी भेटी दिल्या. १८४२ मध्ये प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिक विल्हेल्म याने त्यांच्यासोबत न्यूगेटला भेट दिली.

== टीका व अपयश ==

फ्राय यांना प्रत्येक प्रयत्नात यश आले नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक गुन्ह्यांना देहदंड होता. खोट्या नोटा चालवल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या हॅरिएट स्केल्टन या तरुणीसाठी त्यांनी १८१८ मध्ये गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्याकडे दयेची याचना केली. ती फेटाळली गेली, स्केल्टनला फाशी झाली आणि गृहमंत्र्यांचा रोषही त्यांना पत्करावा लागला.

१८२८ मध्ये जोसेफ फ्राय यांचा व्यवसाय बुडाला व त्यांचे दिवाळे निघाले. क्वेकर समाजाने त्यांचे सदस्यत्व काढून घेतले. ज्या घरातून इतरांना मदत जात असे, ते प्लॅशेटचे घर सोडून कुटुंबाला लहान घरात जावे लागले. धर्मादाय निधीतील पैसा व्यवसायात वापरला गेला, असा निराधार संशयही व्यक्त झाला. बदनामी झालेल्या माणसाकडे समाज कसा पाहतो, याचा अनुभव त्यांना या निमित्ताने स्वतःला आला. बंधूंच्या आर्थिक आधारावर त्यांनी कार्य चालू ठेवले. मुलांकडे दुर्लक्ष करून त्या बाहेर फिरतात, अशी टीकाही त्यांच्यावर होई. या टीकेने होणारी मनाची ओढाताण त्यांच्या रोजनिशीत दिसते.

१८३५ नंतर सरकारी धोरण वेगळ्या दिशेने गेले. नव्या तुरुंग निरीक्षकांनी न्यूगेटच्या कारभारावर व तेथे पाहुण्यांची गर्दी होत असल्यावर टीका केली. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडीत एकांतात ठेवण्याच्या पद्धतीला ते अनुकूल होते. फ्राय यांनी या पद्धतीच्या अतिरेकाला विरोध केला. ज्याला पुन्हा माणसांत राहायचे आहे त्याला माणसांपासून तोडून समाजात राहायला शिकवता येत नाही, असे त्यांचे मत होते. मात्र पुढील काही दशके एकांतवासाचीच पद्धत प्रबळ राहिली.

== निधन व स्मृती ==

१२ ऑक्टोबर, १८४५ रोजी रॅम्सगेट येथे एलिझाबेथ फ्राय यांचे निधन झाले. बार्किंग येथील क्वेकर दफनभूमीत हजाराहून अधिक लोकांच्या निःशब्द उपस्थितीत त्यांचे दफन झाले. १८४७ मध्ये त्यांच्या दोन मुलींनी रोजनिशी व पत्रांच्या आधारे त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

त्यांच्या स्मरणार्थ पुतळ्याऐवजी निवारागृह उभारण्यात आले. तुरुंगातून सुटलेल्या स्त्रियांसाठी १८४९ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात ते सुरू झाले. पुढे स्थलांतर होऊन ही संस्था रेडिंग शहरात गेली. कॅनडात १९३९ मध्ये व्हँकुव्हर येथे त्यांच्या नावाने पहिली संस्था स्थापन झाली. आज त्या देशात अशा अनेक संस्था कैदी व सुटलेल्या स्त्रियांना घर, काम व कायदेशीर मदत मिळवून देतात. २००२ पासून २०१७ पर्यंत बँक ऑफ इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर न्यूगेटमध्ये कैद्यांना वाचून दाखवणाऱ्या फ्राय यांचे चित्र होते. खोट्या नोटेपायी फासावर गेलेल्या स्त्रीसाठी ज्यांनी पदर पसरला, त्यांचेच चित्र पुढे त्या देशाच्या चलनी नोटेवर आले.