लक्ष्मीबाई टिळक : पायरीपायरीने वाढलेला विश्वास

जुन्नराच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या अगदी कडेवर, घाटघर हे गाव आहे. त्याच्या जवळूनच नाणेघाटाची वाट कोकणात उतरते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळी, कल्याण व सोपारा या बंदरांकडील माल याच वाटेने जुन्नरास येत असे. घाटमाथ्यावरील लेण्यातले शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविण्यात येणारा दगडी रांजण आजही तेथे पाहावयास मिळतात. ही वाट जो चढला आहे त्यास एक गोष्ट सांगावी लागत नाही. ओझे पाठीवर असता उडी मारून घाट चढता येत नाही. एक पाऊल दगडावर नीट टेकले म्हणजे मग दुसरे उचलावे लागते, आणि मधून मधून बसावेही लागते. विसावा घेण्यास बसलेला मनुष्य परत फिरला, असे कोणी शहाणा म्हणत नाही.

वयात आल्यावर ख्रिस्ताकडे येणाऱ्या मनुष्याची चाल अशीच असते. त्याच्या पाठीवर पूर्वजांच्या चालीरीतींचे, लहानपणी ऐकलेल्या भयांचे आणि नातलगांच्या प्रीतीचे ओझे असते. परंतु आमच्या मंडळ्यांत दोन प्रकारची घाई दिसून येते. कित्येकांस वाटते की, बाप्तिस्मा झाला म्हणजे शिकण्याचे सर्व काम आटोपले. दुसरे कित्येक, नवा सभासद पहिल्या महिन्यातच परिपूर्ण दिसला नाही म्हणजे त्याजविषयी कुरकुर करू लागतात. या दोन्ही घाया किती हानिकारक आहेत हे समजावे म्हणून आम्ही आज लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले यांच्या ब्राह्मण घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांस १८५७ च्या बंडानंतर फाशी देण्यात आले होते, आणि त्या प्रसंगापासून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनास विटाळाच्या भयाने जे ग्रासले ते कधी सुटले नाही. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून शिवावयाची नाही, असा त्या घरचा कडक नेम होता. अशा सोवळ्यात वाढलेली ही मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा नारायण वामन टिळक या तरुण विद्यार्थ्याशी तिचे लग्न झाले. लग्नाच्या वेळी तिला लिहिण्यावाचण्याची ओळख जवळजवळ नव्हती. पुढे जे काही अक्षरज्ञान झाले ते यजमानांच्या लहरीप्रमाणे, कधी आठ दिवस धडा तर कधी अनेक महिने खंड, अशा रीतीने झाले.

टिळक कवी होते, देशाभिमानी होते, आणि सत्याच्या शोधात त्यांचे पाऊल एका गावी ठरत नसे. राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. त्याने त्यांस नवा करार दिला, व मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी पत्नीच्या कानी आली तेव्हा तिच्यावर आकाश कोसळले. नवरा जिवंत, पण धर्माने परका झालेला. जवळ दत्तू नावाचा लहान मुलगा. काही काळ त्यांनी पंढरपुरी बहिणीच्या आश्रयाने काढला. या दुःखात त्या पद्ये रचू लागल्या, आणि पुढे ज्या लेखणीने मंडळीची सेवा केली ती लेखणी प्रथम अश्रूंत भिजली. टिळकांची पत्रे येत असत. त्यांच्यावर त्यांची प्रीती होती व त्यांच्याजवळ राहावे असे त्यांस वाटे, परंतु त्यांच्या देवाकडे पाहण्याची त्यांची तयारी नव्हती.

काही वर्षांनी पतिपत्नी अहमदनगर येथे पुन्हा एकत्र आली. परंतु एकत्र म्हणजे कसे, हे पाहण्याजोगे आहे. लक्ष्मीबाईंनी आपली चूल निराळी ठेवली, आपले पाणी निराळे ठेवले आणि आपले देव व आपले नेम सोडले नाहीत. ख्रिस्ती पतीच्या सहवासात एक सोवळी ब्राह्मण स्त्री आपला धर्म पाळीत राहिली. टिळक जात्या उतावीळ स्वभावाचे होते, रागही त्यांस लवकर येई. तथापि या एका बाबतीत त्यांनी पत्नीवर बळजबरी केली नाही. पाहणाऱ्यांस ते दुबळेपण वाटले असेल. आम्हांस तर तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा उपदेश वाटतो.

कारण त्या मोकळ्या जागेतच लक्ष्मीबाईंचा स्वतःचा विचार सुरू झाला. ख्रिस्ती लोक जवळून दिसू लागले. अहमदनगर व राहुरीकडील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत बहुतेक सभासद महार व मांग समाजांतून आलेले होते. ज्यांची सावली टाळावी असे लहानपणी शिकविले होते, त्यांचीच मुले दारी खेळत होती. अशा स्थितीत एके दिवशी त्यांनी आपल्या मनाशी जातिभेदाचा प्रश्न घेतला. हा भेद देवाने केला की मनुष्याने? देवाने बैल व घोडा निराळे केले, ते डोळ्यांस दिसते. मनुष्यामनुष्यांत तसा भेद कोठे आहे? जन्म एकाच रीतीने, मरण एकाच रीतीने, अवयव तेच. मग हा भेद मनुष्याने केला, आणि मनुष्याने केलेले मनुष्यास मोडता येते. ज्या क्षणी हा निर्णय झाला त्या क्षणापासून त्यांनी कोणाच्याही हातचे अन्न व पाणी घेण्याचे ठरविले, आणि तसे केले.

या ठिकाणी वाचकांनी एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वेळी त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. जातीची भिंत पडली, तरी ख्रिस्त प्रभू आहे ही साक्ष अद्याप पुढे होती. एक पायरी चढून त्या थांबल्या, आणि पुढची पायरी चढण्यास त्यांस आणखी अवधी लागला. पेत्रासारख्या प्रेषिताची गोष्ट याहून निराळी नाही. यापो येथे घराच्या धाब्यावर त्यास दर्शन झाले व शुद्धाशुद्धतेचा त्याचा विचार बदलला. तो कर्नेल्याच्या घरात गेला. तरीही पुढे अंत्युखियास तो परराष्ट्रीयांच्या पंगतीतून मागे सरला, आणि पौलास त्याचा तोंडावर निषेध करावा लागला, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नमूद आहे. प्रभूबरोबर तीन वर्षे राहिलेल्या मनुष्याची ही गत, तर परवापर्यंत ग्रामदेवतेस नवस बोलणाऱ्या आमच्या बंधूकडून आम्ही काय मागतो याचा विचार व्हावा.

शेवटी १९०० साली राहुरी येथे लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षे गेली होती. ती पाच वर्षे वाया गेली असे ज्यास वाटेल त्याने पुढील छत्तीस वर्षे पाहावीत.

तो काळ छप्पनच्या भयंकर दुष्काळाचा होता. निराश्रित मुलांस टिळकांच्या घरी आश्रय मिळे. घरी पैसा थोडा, आणि जो येई तोही टिळकांच्या हातून गरिबांकडे जाई. अशा संसारात पोरक्या मुलांची आई होण्याचे काम लक्ष्मीबाईंस करावे लागले. नगरास प्लेग आला तेव्हा आजारी मुलींची शुश्रूषा त्यांनी केली. ज्या हातांस एके काळी परक्याचा स्पर्श चालत नसे त्या हातांनी प्लेगच्या रोग्यांस पाणी पाजले. बालकवी ठोंबरे हे तरुण कवी टिळकांच्या घरी राहिले होते, तेही या माउलीच्या मायेत. विश्वास वाढला की नाही हे पाहण्यास याहून निराळे माप आम्हांस ठाऊक नाही. पाठ केलेली उत्तरे चांगली, गायन चांगले, परंतु ज्यास पूर्वी आम्ही दूर ठेवीत होतो त्यास आता आम्ही जवळ घेतो काय, हा खरा प्रश्न आहे.

टिळकांस १९०४ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून त्यांनी ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन केले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध काव्यात सांगावे म्हणून त्यांनी ख्रिस्तायन हा ग्रंथ १९०९ साली आरंभिला. सुमारे दहा अध्याय झाले, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या विधवा होत्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. पुढील आयुष्यात त्या मुंबईस राहिल्या, कराचीस मुलाजवळ राहिल्या, नाशिकास आल्या; आणि या सर्व फिरतीत त्यांनी ख्रिस्तायन पुढे चालविले. स्वतःचे चौसष्ट अध्याय रचून त्यांनी तो ग्रंथ पुरा केला. तो १९३८ साली प्रसिद्ध झाला. लग्नाच्या वेळी जिला पाटीवर अक्षरे गिरवावी लागली, तिनेच विद्वान पतीचे अपुरे राहिलेले काम शेवटास नेले. तिच्या प्रभूची गोष्ट तिने प्रथम दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, मग स्वतः विश्वासाने धरली आणि शेवटी स्वतःच्या वाणीने सांगितली.

त्यांची स्मृतिचित्रे १९३४ पासून चार भागांत निघाली. मराठी वाचक, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, ते पुस्तक आजही आवडीने वाचतात. त्यात त्यांनी आपले भोळेपण, आपला हट्ट, आपली भांडणे काहीही झाकलेले नाही, उलट हसत हसत सांगितले आहे. आपण कोठून निघालो हे ज्यास लपवावे लागत नाही, त्यासच आपण कोठवर आलो याबद्दल देवाचे उपकार मानता येतात. १९३६ च्या फेब्रुवारी महिन्यात नाशिक येथे लक्ष्मीबाई प्रभूकडे गेल्या.

आता या चरित्रापासून आमच्या खेड्यांतील मंडळ्यांनी व विशेषतः उपदेशक बंधूंनी काय घ्यावे? प्रथम हे की, प्रौढ मनुष्यास विचार करण्यास जागा द्यावी. शिकवावे, प्रार्थना करावी, घरी जावे यावे. परंतु त्याचे पाऊल आपण उचलू नये. लाजेने किंवा भिडेने सोडलेले मूर्तिपूजन पहिल्या आजारपणात परत येते. स्वतः विचार करून सोडलेले परत येत नाही.

दुसरे हे की, बाप्तिस्म्याचा दिवस हा शाळेत नाव घातल्याचा दिवस समजावा. मोठ्या माणसांचा शास्त्रवर्ग प्रत्येक मंडळीत असावा. दिवसभर शेतात राबून आलेल्यांस संध्याकाळी अर्धा तास पुरे. ज्यांस वाचता येत नाही त्यांस एक गोष्ट ऐकवावी, ती त्यांच्याच शब्दांत त्यांजकडून वदवून घ्यावी आणि या आठवड्यात तिच्याप्रमाणे काय करणार हे विचारावे. लक्ष्मीबाई ऐकून, विचारून आणि करून शिकल्या. आमच्या आयाबहिणीही तशाच शिकतील.

तिसरी गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो, तरी ती सांगितलीच पाहिजे. प्रभूच्या मेजाजवळ एकत्र बसणारे आम्ही घरी परतल्यावर एकमेकांच्या चुलीजवळ बसतो काय? हा कोणत्या वाड्याचा, तो कोणत्या कुळाचा, ही भाषा मंडळीत ऐकू येते, सोयरीक जुळविताना तर फारच ऐकू येते. एका सोवळ्या घरच्या लेकीने बाप्तिस्म्याच्या आधी जी भिंत पाडली, ती आम्ही बाप्तिस्म्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत असू, तर आमची चढण कोणत्या पायरीवर अडली आहे हे निराळे सांगावयास नको.

निकदेम प्रथम रात्री आला, मग सभेत भीतभीत एक शब्द बोलला, आणि शेवटी भरदिवसा गंधरस घेऊन क्रूसावरून उतरविलेल्या प्रभूच्या देहाजवळ उभा राहिला. प्रभूने त्यास पहिल्या रात्री परत घालविले नाही. आमच्या मंडळीत जे अद्याप रात्रीच येत आहेत, त्यांच्याशी आम्हांस तशाच धीराने वागता यावे, आणि आम्ही स्वतः ज्या पायरीवर बसून राहिलो आहो तेथून उठण्याचे बळ मिळावे, अशी आमची परमेश्वरापाशी प्रार्थना आहे.