पुराला वाट देणारे विश्वेश्वरय्या

महाराष्ट्रातील नद्यांचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. वैशाखात ज्या नदीच्या पात्रातून बैलगाडीची चाके न भिजता पार होतात, तीच नदी आषाढात दोन्ही थड्या भरून वाहू लागते आणि आपल्या अंगावर कोणालाही पाऊल टाकू देत नाही. आज बहुतेक मोठ्या नद्यांवर पूल आहेत. परंतु सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी असे पूल फार थोडे होते. जेथे पात्र उथळ असे, त्या जागेला उतार म्हणत आणि वाटसरू तेथूनच नदी ओलांडीत. पावसाळ्यात उतार बुडाला की वाट बंद होई. मग डाक अडे, बाजाराच्या गाड्या अडत, लग्नाची वऱ्हाडे अडत आणि वैद्याकडे निघालेला रोगीही अडे. पूर ओसरेपर्यंत धर्मशाळेत किंवा एखाद्या झाडाखाली बसून राहणे, एवढेच माणसाच्या हाती असे.

अशा नद्यांच्या काठी ज्यांच्या कर्तृत्वाला आरंभ झाला, ज्यांनी पुराचे भय स्वतः अनुभवले आणि पुढे पुरालाच शिस्त लावण्यासाठी आपली बुद्धी वेचली, ते थोर स्थापत्यविशारद म्हणजे सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजी कर्नाटकातील मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात झाला. वडील संस्कृतचे जाणकार होते. घरात विद्या होती, पण धन नव्हते. त्यातच बालवयात पित्याचे छत्र हरपले. तथापि, या हुशार मुलाने धीर सोडला नाही. बंगळूरला राहून, श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या करीत त्याने आपले शिक्षण चालू ठेवले आणि १८८१ मध्ये तो बी. ए. झाला. म्हैसूर सरकारने त्याला शिष्यवृत्ती दिली व तो स्थापत्यशास्त्राच्या अभ्यासासाठी पुण्यास आला.

पुण्याचे सायन्स कॉलेज मुळा-मुठेच्या संगमाजवळच होते. पावसाळ्यात संगमावरचे तांबडे, फेसाळ पाणी विद्यार्थ्यांच्या नित्य दृष्टीस पडत असे. येथेच विश्वेश्वरय्यांनी अहोरात्र अभ्यास केला आणि १८८३ मध्ये अंतिम परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८४ मध्ये, मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

नोकरीच्या आरंभीच त्यांना खानदेशात जावे लागले. त्या काळी अभियंत्याची नोकरी म्हणजे खुर्चीत बसण्याची नोकरी नव्हती. घोड्यावर बसून मैलच्या मैल हिंडावे, दिवसभर कामाची पाहणी करावी, रात्री कंदिलाच्या उजेडात हिशेब लिहावेत आणि पहाटे पुन्हा निघावे, असा त्यांचा क्रम असे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी दातर्ती नावाचे गाव आहे. तेथे पाण्याचा प्रवाह एका काठावरून दुसऱ्या काठी नेण्यासाठी नदीच्या पात्रातून नळ घालावयाचा होता. हे काम तरुण विश्वेश्वरय्यांकडे आले.

काम सुरू झाले आणि पाऊसही सुरू झाला. दिवसभर मजुरांनी पात्रात चर खणावा आणि रात्री नदीने तो वाळूने भरून टाकावा, असे होऊ लागले. श्रम वाया जात होते व पैसाही वाया जात होता. विश्वेश्वरय्यांनी विचार केला आणि वरिष्ठ अधिकाऱ्यास कळविले, की पावसाळा संपेपर्यंत हे काम थांबविणे हिताचे ठरेल. ही सूचना वरिष्ठांना रुचली नाही. नव्या अधिकाऱ्याने आरंभीच असे लिहावे, ही त्यांना आज्ञाभंगाची खूण वाटली व तसा कडक शब्दांतील अभिप्रायही त्यांनी पाठविला.

तरुण मनाला असा अभिप्राय किती झोंबला असेल, याची कल्पना करता येते. आपली सूचना भित्रेपणाची नव्हती, विचाराची होती, हे त्यांना ठाऊक होते. परंतु आपले म्हणणे खरे, एवढाच हेका धरून ते रुसून बसले नाहीत. काम पुरे करून दाखविणे हेच त्यांनी उत्तर मानले. पावसाची उघडीप पाहावी, माणसे गोळा करावीत, चर पुन्हा उपसावा आणि पाणी चढण्यापूर्वी जेवढा भाग पक्का होईल तेवढा करून घ्यावा, असा उद्योग त्यांनी आरंभिला.

याच दिवसांत त्यांच्यावर एक प्रसंग ओढवला. ते घोड्यावरून नदीच्या पलीकडे गेले होते. इतक्यात जोराचा पाऊस कोसळला आणि पांझरा फुगली. अलीकडे काम, पलीकडे आपण आणि मध्ये गढूळ पाण्याचा लोट, अशी त्यांची स्थिती झाली. आल्या वाटेने घोड्यावरून परतणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी घोडा पलीकडेच ठेवला आणि स्थानिक लोकांच्या मदतीने पोहत नदी पार केली. नदीकाठच्या त्या माणसांना प्रवाहाचा वेग, भोवऱ्याची जागा आणि पाण्याची खोली बिनचूक ठाऊक होती. ज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्यांचे ज्ञान त्या दिवशी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या अभियंत्याच्या उपयोगी पडले.

पुढे नळाचे काम पुरे झाले. वरिष्ठांचे मतही पालटले. परंतु या सर्वांपेक्षा मोठा लाभ निराळाच होता. पुराशी नुसते झुंजून भागत नाही; पाणी कोठून येते, किती येते, केव्हा येते आणि कोणत्या वाटेने जाऊ पाहते, हे आधी समजून घ्यावे लागते, हा धडा त्यांना नोकरीच्या आरंभीच मिळाला. पुढील आयुष्यात त्यांनी केलेली अनेक कामे म्हणजे याच धड्याचा विस्तार होय.

काही वर्षांनी त्यांची बदली पुण्यास झाली. न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले यांच्यासारख्या थोरांचा सहवास त्यांना तेथे लाभला. १८९९ मध्ये पुणे भागातील पाटबंधाऱ्यांचे काम त्यांच्या हाती आले. पुण्याच्या नैर्ऋत्येस खडकवासला येथे मुठा नदीवर धरण होते. त्या तलावाचे पाणी शहराला पिण्यासाठी व कालव्याने शेतीसाठी मिळत असे. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई. या वाहत्या पाण्याचा थर दरवर्षी कित्येक फूट उंच असे. इकडे उन्हाळ्यात पाण्याची ओढ आणि तिकडे पावसाळ्यात तेच पाणी डोळ्यांदेखत वाया! सांडव्याची भिंत उंच केली असती, तर पाणी अधिक साठले असते. पण मोठा पूर येताच पाणी धरणाच्या माथ्यापर्यंत चढून सारे धरणच धोक्यात आले असते.

विश्वेश्वरय्यांनी या कोड्यावर एक अपूर्व तोड काढली. सांडव्यावर त्यांनी आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे बसविण्याचे योजिले. त्यामागील तत्त्व सोपे होते. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते, हे विहिरीतून कळशी ओढणारे प्रत्येक मूल जाणते. कळशी पाण्यात असते तोवर दोर सहज ओढला जातो; ती पाण्याबाहेर आली की हाताला तिचा खरा भार कळतो. विश्वेश्वरय्यांनी दरवाजांना साखळ्यांनी वजने जोडली. तलावाचे पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की ते वजनाच्या कुंडात शिरे, वजन पाण्यात हलके होई, तोल बदले आणि दरवाजे आपणहून उघडत. पूर ओसरला की कुंडातले पाणी कमी होई, वजन पुन्हा जड होई आणि दरवाजे मिटत. मध्यरात्री, भर पावसात, माणसाचा हात न लागता हे सारे घडे. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले व तलावातील पाण्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढविता आली. पुढे ग्वाल्हेरजवळील तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही असेच दरवाजे बसविण्यात आले.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली आणि ते परदेशच्या प्रवासास गेले. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी हैदराबादेवर भयंकर संकट कोसळले. अतिवृष्टीने वरच्या भागातील शेकडो तलाव फुटले आणि मुसी नदीचा लोंढा शहरात शिरला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. नदीवरील तीन पूल वाहून गेले आणि जुना पूल तेवढा उरला. शहराचे दोन भाग एकमेकांस पारखे झाले. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांनी आधी नदीचे सबंध खोरे अभ्यासले; कोणत्या तलावात किती पाणी मावते आणि किती तलाव फुटले, याचा हिशेब मांडला. शहराच्या वरच्या बाजूस मोठे जलाशय बांधून पुराचे पाणी तेथेच थोपवावे आणि हळूहळू सोडावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर आणि तिच्या ईसा या उपनदीवर हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. ज्या पाण्याने शहर बुडविले, त्याच पाण्याने पुढे शहराची तहान भागविली.

१९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले व १९१२ पासून १९१८ पर्यंत त्यांनी दिवाणपद भूषविले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरण, म्हैसूर विद्यापीठ आणि अनेक उद्योग यांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. १९५५ मध्ये भारत सरकारने त्यांना भारतरत्न ही सर्वोच्च पदवी दिली.

वार्धक्यातही त्यांचे काम थांबले नव्हते. बिहारमध्ये मोकामा येथे गंगेवर पूल नव्हता. माणसे व माल बोटींतून पलीकडे न्यावा लागे. पूल कोठे बांधावा, याविषयी मतभेद होते. हा प्रश्न १९५२ मध्ये विश्वेश्वरय्यांपुढे आला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. तरीही कागदपत्रांवर विसंबून न राहता ते स्वतः बिहारमध्ये गेले, त्यांनी नदीची पाहणी केली आणि मगच आपला निर्णय दिला. १९५९ मध्ये मोकाम्याचा राजेंद्र पूल वाहतुकीस खुला झाला. पांझरेच्या पुरातून पोहत आलेल्या तरुणाने म्हातारपणी गंगेसारख्या महानदीवर लोकांना कोरड्या पायांनी जाण्याची वाट दाखविली.

तरीसुद्धा निसर्गापुढे मनुष्याचे कोणतेही काम अजिंक्य नसते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुणे शहरात हाहाकार उडविला. पूल पाण्याखाली गेले, पेठा बुडाल्या, हजारो संसार उघड्यावर आले. ज्या तलावाच्या दरवाजांवर विश्वेश्वरय्यांनी आपली बुद्धी खर्च केली होती, तो तलाव एका दिवसात रिता झाला. खडकवासल्याचे धरण नंतर पुन्हा बांधण्यात आले आणि पुण्याचे लोक आजही त्याचे पाणी पितात.

त्यानंतर वर्षभराच्या आतच, एप्रिल १९६२ मध्ये, शंभर वर्षांहून अधिक आयुष्य भोगून विश्वेश्वरय्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. पावसाळ्यात एखाद्या भरल्या नदीवरील पुलावरून गाडी निर्धास्तपणे पलीकडे जाते, तेव्हा प्रवाशांना खालच्या पाण्याची आठवणही होत नाही. त्यांच्या या निर्धास्तपणामागे कोणीतरी केलेले मोजमाप, कोणाचे तरी जागरण आणि कोणाची तरी पावसात भिजलेली पाहणी असते. विश्वेश्वरय्यांनी आपल्या दीर्घ आयुष्यात हेच व्रत निष्ठेने आचरिले.