कार्लो आबार्थ : सायलेन्सरच्या बळावर उभी राहिलेली शर्यत

व्हिएन्ना येथे १५ नोव्हेंबर १९०८ रोजी जन्मलेले कार्ल आबार्थ तरुणपणी मोटारसायकल शर्यतींतील नामांकित स्पर्धक होते. १९३४ मध्ये साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवरून व्हिएन्ना ते ओस्टेंड अंतर कापताना त्यांनी ओरिएंट एक्स्प्रेसला मागे टाकले. पुढे युगोस्लाव्हियातील भीषण अपघाताने ही कारकीर्द संपुष्टात आली.

महायुद्धानंतर ते इटलीत आले व 'कार्लो' झाले. सिसितालिया ही रेसिंग कंपनी आर्थिक संकटात सापडल्यावर १९४९ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. बोधचिन्ह विंचू, पाश्चात्त्य ज्योतिषानुसार त्यांची रास वृश्चिक होती.

शर्यतीच्या मोटारींना पैसा लागतो. तो मिळवून दिला सायलेन्सरने. सामान्य सायलेन्सरमध्ये धूर आतल्या पडद्यांवर आपटत, वळसे घेत बाहेर पडतो. आवाज दबतो, पण इंजिनाचा दमही कोंडतो. आबार्थ यांनी धुराला मोकळी वाट दिली. छोट्या फियाटची ताकद किंचित वाढली आणि तिचा स्वर खर्जात उतरला. साध्या घरगुती मोटारीला स्पोर्ट्स कारचा रुबाब देणाऱ्या, काळ्या रंगाच्या व क्रोमच्या टोकांच्या या सायलेन्सरना मोठी मागणी आली.

१९६५ मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी, अरुंद मोटारीत मावण्यासाठी सुमारे ३० किलो वजन घटवून त्यांनी मोंझा येथे स्वतः विक्रम नोंदवला. तथापि आर्थिक भार पेलवेना. १९७१ मध्ये कंपनी फियाटच्या स्वाधीन झाली. २४ ऑक्टोबर १९७९ रोजी व्हिएन्नातच त्यांचे निधन झाले. पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होऊन २०१५ मध्ये भारतीय बाजारात आलेल्या पुंटोवर हाच विंचू होता.