विष्णुदास भावे : नाटकाचे सूत्र आणि बाहुल्यांचे सूत्र

गेल्या वर्षी कडोलीच्या यात्रेत आमच्या गल्लीने नाटक बसविले. मी कॉमर्सला, म्हणून हिशेबाची वही आपोआप माझ्याकडे आली. पडदे, दिवे, माईक, रंगभूषा असे लिहीत गेलो आणि शेवटी बेरीज केली तेव्हा वर्गणीपेक्षा खर्च सात हजारांनी जास्त निघाला. बैठकीत एका वडीलधाऱ्या काकांनी सांगून टाकले की पुढच्या साली नाटक नको, ऑर्केस्ट्रा आणा. मला राग आला. पण वही माझ्याच हातात होती आणि तिच्यात नाटकाच्या बाजूने बोलणारा एकही आकडा नव्हता.

त्याच दिवसांत कॉलेजच्या ग्रंथालयात विष्णुदास भाव्यांची हकीकत वाचनात आली. शाळेत त्यांचे नाव एका ओळीपुरते पाठ केले होते : मराठी नाटकाचे जनक, सीतास्वयंवर, १८४३. त्याला एक गुण होता. त्या एका गुणामागे एवढा माणूस दडला असेल असे तेव्हा वाटले नव्हते.

विष्णु अमृत भावे हे सांगलीचे. वडील सांगली संस्थानाच्या फौजेत नोकरीला होते. मुलगा मात्र त्या वळणाचा नव्हता. गोष्टी रचून सांगणे, कविता करणे आणि हाताने बाहुल्या घडविणे यातच त्याचा जीव रमे. लाकडाच्या, दोऱ्यांवर हलणाऱ्या अशा त्या बाहुल्या. आजच्या भाषेत बोलायचे तर घरच्यांना काळजी वाटावी असेच हे लक्षण. पण संस्थानाचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांची नजर त्याच्यावर पडली आणि त्यांनी त्याला जवळ केले.

पुढे जे घडले ते आपल्या भागातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावे असे मला वाटते. १८४२ साली कारवारकडची भागवत मंडळी सांगलीत आली. उत्तर कन्नडमधील यक्षगान करणारे हे लोक. त्यांनी राजवाड्यात आपले खेळ करून दाखविले. अप्पासाहेबांना तो प्रकार आवडला, पण त्यात काहीसा ओबडधोबडपणाही वाटला. असे खेळ मराठीतून, अधिक नीटनेटके करून दाखवावेत अशी आज्ञा त्यांनी विष्णुदासांना केली. म्हणजे मराठी नाटकाचे बी कन्नड मंडळींच्या झोळीतून सांगलीत पडले. यात कमीपणा मानण्यासारखे काय आहे ते मला कळत नाही. सांगली संस्थानाचा मुलूख तरी कुठे एकभाषी होता? आपल्या बेळगावातले शहापूर त्या काळी सांगलीकरांचे होते. तेरदाळ आणि शिरहट्टीही त्यांचीच. राजाच्या प्रजेत दोन्ही भाषा बोलणारे लोक होते, आणि आजही शहापूरच्या बाजारात कापड घेताना आई मराठीत भाव विचारते व दुकानदार कन्नडमध्ये कमी करतो. असो.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात सीतास्वयंवराचा प्रयोग झाला. हाच दिवस आता मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके लिहिली गेली होती, त्यामुळे पहिले कोण हा वाद अभ्यासकांत चालतो. माझ्या मते लोकांसमोर सतत होत राहणारे, एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारे नाटक भाव्यांपासून सुरू झाले, आणि आपल्या यात्रेतल्या नाटकाचा पूर्वज तेच.

हा प्रयोग कसा होत असेल? आज आपण ज्याला नाटकाची संहिता म्हणतो ती नव्हतीच. भाव्यांनी आख्यानाची पदे रचली होती. सूत्रधार ती पदे मृदंग आणि झांजांच्या साथीवर गात राही. आधी मंगलाचरण, मग विदूषकाची थट्टामस्करी, गणपतीचे येणे, मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती, आणि मग कथेला सुरुवात. पदातला प्रसंग गाऊन झाला की नट त्याचा अर्थ आपल्या शब्दांत बोलत. बोलणे बहुतेक आयत्या वेळचे. राक्षस आले की तलवारी परजत अशा आरोळ्या ठोकीत की पुढच्या पिढीने या नाटकांना अललडुर्र नाटके असे नाव ठेवले. स्त्रियांची कामे मुलगेच करीत. पदे रचणे, चाली बांधणे, नटांना शिकविणे हे सगळे एकट्या भाव्यांच्या अंगावर होते. दिग्दर्शक हा शब्द तेव्हा वापरात नव्हता, काम मात्र तेच.

सूत्रधार या शब्दाशी मी थोडा थांबतो. सूत्र म्हणजे दोरा. जो दोरे हातात धरतो तो सूत्रधार. पिशेल नावाच्या जर्मन पंडिताने यावरून असे मत मांडले होते की भारतीय नाटक बाहुल्यांच्या खेळातून निघाले. ते सर्वांना मान्य नाही. पण कन्नडमध्येही सूत्रद गोंबे म्हणतात, आणि कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंत आपल्या बाहुल्यांना कळसूत्री म्हणतात. विष्णुदासांच्या बाबतीत तर दोन्ही अर्थ एकाच माणसात उतरले होते. लाकडी पात्रांचे दोरे ओढणारे हात आणि जिवंत पात्रांना पदातून पुढे नेणारा आवाज एकाचाच.

१८५१ साली अप्पासाहेब वारले आणि राजाश्रय संपला. इथून पुढचा भाग मी कॉमर्सच्या डोळ्यांनी वाचला. तोवर खर्च संस्थानचा होता. आता मंडळींची पोटे होती, सामान होते, देणे होते, आणि जमेच्या बाजूला काही नव्हते. दुसरा कोणी असता तर बाहुल्या व पदे गुंडाळून घरी बसला असता. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. गावोगाव हिंडत १८५३ साली ते मुंबईला पोहोचले. ग्रँट रोडला जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ साली नाटकगृह उभे राहिले होते. तेथे तिकीट लावून भाव्यांचे प्रयोग झाले. दरबारात फुकट पाहण्याची वस्तू आता पैसे मोजून पाहण्याची झाली. आम्हाला वर्गात मागणी व पुरवठा शिकवितात. मला वाटते, मागणी आहे की नाही हे ठाऊक नसताना मुंबईपर्यंत सामान वाहून नेणे हा त्यातला न शिकविलेला भाग आहे.

त्यांचे पाहून इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या निघाल्या. म्हणजे स्पर्धकही त्यांनीच जन्माला घातले. सुमारे दहा वर्षे हिंडून भाव्यांनी मंडळी सोडली. पुढे १८८५ साली त्यांनी आपली पदे नाट्यकवितासंग्रह या पुस्तकात छापली व प्रस्तावनेत आपली हकीकत सांगितली. तोवर काळ बदलला होता. सीतास्वयंवराच्याच वर्षी गुर्लहोसूरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल करून संगीत नाटकाचे युग सुरू केले. अण्णासाहेब १८८५ मध्ये गेलेसुद्धा. भावे मात्र ९ ऑगस्ट १९०१ पर्यंत होते. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी आपल्या मागून आलेल्यांचे नाटक रंगताना पाहिले. त्यांच्या आयुष्याचा हा शांत, लांब भाग मला सर्वांत जास्त चटका लावतो.

ही सगळी हकीकत मी कन्नड विभागातल्या माझ्या मित्राला सांगितली. तो गोकाककडचा, श्रीकृष्ण पारिजात पाहत वाढलेला. त्याने मला शांतकवींविषयी सांगितले. सक्करी बाळाचार्य हे त्यांचे नाव, काळ १८५६ ते १९२०. उत्तर कर्नाटकात मराठी नाटक मंडळ्यांचा एवढा जम बसला होता की कन्नड माणसे मराठी नाटके पाहत. ते पाहून या शिक्षकाने चंग बांधला, कन्नडमध्ये नाटके लिहिली आणि गदगला मंडळी उभी केली. म्हणजे कारवारहून सांगलीला गेलेले परत गदगला आले. व्याजासह की बिनव्याजी, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

१९४३ साली सांगलीत नाट्यशताब्दी साजरी झाली. आज तिथे भाव्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे आणि त्यांच्या नावाचे गौरवपदक रंगभूमी दिनाला दिले जाते. पहिले पदक बालगंधर्वांना मिळाले होते. लाकडी बाहुल्याही नाहीशा झाल्या नाहीत. बोलक्या बाहुल्यांचे कलावंत रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळत्या केल्या, आणि ज्या हातांनी त्या घडविल्या ते हात गेल्यावर कित्येक वर्षांनी त्या पुन्हा लोकांसमोर नाचल्या.

यंदाच्या यात्रेची बैठक अजून व्हायची आहे. वहीत मी खर्चाचा अंदाज आधीच मांडला आहे. भाड्याचे पडदे काढून टाकले, आणि तिकिटासाठी एक रकाना नव्याने आखला. काका काय म्हणतात ते पाहायचे.