आपली बटणे आपल्या हातांनी : डॉ. मारिया मॉन्टेसरी

बालवाडीला आपण सहज ‘मॉन्टेसरी’ म्हणतो. हे एका डॉक्टरबाईंचे आडनाव आहे आणि त्यांचे शिक्षणकार्य सुरू झाले ते मनोरुग्णालयात टाकून दिलेल्या मतिमंद मुलांपासून, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियाराव्हाल्ले या गावी कॅथलिक कुटुंबात झाला. १८९६ साली त्या रोम येथे डॉक्टर झाल्या. तेथील मनोरुग्णालयांना भेटी देताना त्यांनी एका ओक्याबोक्या खोलीत कोंडलेली मुले पाहिली. जेवण झाले की ती जमिनीवरचे पावाचे तुकडे वेचीत. सांभाळणारी बाई त्याला अधाशीपणा म्हणे. डॉक्टरबाईंच्या मात्र लक्षात आले की, त्या खोलीत हातात धरायला दुसरे काहीच नाही. मुलांचे हात उपाशी होते.

इतार व सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांवर केलेल्या कामाचा त्यांनी अभ्यास केला. १९०० साली रोममध्ये निघालेल्या खास शाळेत त्या दिवसभर मुलांमध्ये राबल्या.

तेथे अकरा वर्षांची एक मुलगी होती. हातांत ताकद होती, पण रफू करणे काही केल्या जमेना. सुई एका धाग्याच्या वरून आणि पुढच्याच्या खालून न्यायची, एवढेच तिला उमजत नव्हते. बाईंनी सुई बाजूला ठेवली व तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली. हालचाल तीच, पण मोठी आणि सोपी. ती अंगवळणी पडल्यावर सुई पुन्हा हाती दिली, तेव्हा रफू जमले. माडाच्या चुडतांची झापे विणलेल्या आपल्या आयाबायांना ही युक्ती लगेच कळेल. काम शिकवण्याआधी हाताला त्या कामाची हालचाल शिकवायची, हा धडा बाईंना त्या मुलीने दिला.

६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. विशेष मुलांकडून शिकलेले सारे तेथे सर्व मुलांच्या उपयोगी आले. लाकडी चौकटीवर कापडाचे दोन पदर लावून मुले बटणे, हूक, नाड्या यांचा सराव करू लागली. एकदा बाईंनी रुमालाने नाक कसे पुसावे हे हळूहळू करून दाखवले, तर मुलांनी टाळ्या वाजवल्या! नाकावरून ती रोज बोलणी खात. कसे पुसावे हे कोणी शिकवलेच नव्हते.

१९३९ साली बाई पुत्र मारिओसह मद्रासला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारने मारिओंना अहमदनगरच्या छावणीत ठेवले. आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्यांची सुटका झाली. भारतात त्यांनी अनेक शिक्षकांना तयार केले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांना देवाज्ञा झाली. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही अशी लेकरे असतील. मायेपोटी आपण त्यांना भरवतो, कपडे चढवतो, तोंड धुतो. मग रात्री आईबापांना एकच चिंता छळते : आमच्यामागे याचे कसे होणार? प्रभू येशूने पक्षाघाती माणसाला बरे केले, तेव्हा त्याची बाज त्यालाच उचलायला सांगितली.

म्हणून रविवारी मिस्साला निघताना दहा मिनिटे आधी तयारीला लागा. वरची बटणे तुम्ही लावा, शेवटचे त्याला लावू द्या. ते जमले की शेवटची दोन. पेजेचा चमचा त्याच्या हाती द्या. थोडी सांडेल, पुसायचे फडकेही त्यालाच द्या. उशीर झाला तरी पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून पाहू नये. एवढी मदत आपण सारेच करू शकतो.