डॉ. सुब्बाराव : औषधे घरोघरी, नाव विस्मृतीत

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि अनेक शहरांतील औषध दुकानांपुढे टेट्रासायक्लिनसाठी रांगा लागल्या. या औषधकुळातील पहिले प्रतिजैविक ज्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाले ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव भारतीय होते, हे त्या रांगांतील फार थोड्यांना ठाऊक असावे.

आंध्रातील भीमवरम येथे १२ जानेवारी १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. स्प्रू या आतड्यांच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ पाठोपाठ दगावले. या रोगात अन्नातील पोषकद्रव्ये शोषली जात नाहीत, रक्तक्षय होतो आणि रुग्ण झिजत जातो. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात खादी वापरल्याने शल्यचिकित्सेचे इंग्रज प्राध्यापक नाराज झाले आणि सुब्बारावांना पूर्ण पदवीऐवजी दुय्यम दर्जाच्या एलएमएसवर समाधान मानावे लागले. काही काळ आयुर्वेद महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी बॉस्टन गाठले. पत्नी मागे राहिली. ते मायदेशी परतले नाहीत.

हार्वर्डमध्ये पोटासाठी त्यांनी रुग्णालयात हलकीसलकी कामे केली. रक्तातील फॉस्फरस मोजण्याची सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी शोधलेली पद्धत (१९२५) पुढे जगभर रूढ झाली. स्नायूंना ऊर्जा पुरविणाऱ्या एटीपीच्या शोधातही त्यांचा वाटा होता. तरीही हार्वर्डने कायम नेमणूक दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

भावांचा रोग ते विसरले नव्हते. त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनविले आणि स्प्रूमधील रक्तक्षयावर ते गुणकारी ठरले. पेशींना विभाजनासाठी हे जीवनसत्त्व लागते. मग त्याच्यासारखेच दिसणारे, पण पेशीला फसविणारे रसायन दिले तर? अशी रसायने सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांच्याकडे गेली. रक्ताचा कर्करोग झालेल्या काही बालकांत रोग तात्पुरता मागे हटल्याचे फार्बर यांनी १९४८ मध्ये जाहीर केले. तोवर अशा मुलांसाठी वैद्यकाजवळ काहीच नव्हते, हे ध्यानात घ्यावे. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आज संधिवातावरही दिले जाते. मात्र तेथे ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.

हत्तीरोगावरील डीईसी ही गोळीही याच प्रयोगशाळेची. ती रक्तातील सूक्ष्मकृमी मारते; पाय कायमचा सुजल्यावर मात्र पूर्ववत करू शकत नाही. म्हणूनच विदर्भातील मोहिमांत ही गोळी निरोगी दिसणाऱ्यांनाही दिली गेली.

बेंजामिन डगर यांनी मातीतील जंतूपासून मिळविलेले सोनेरी ऑरिओमायसिन १९४८ मध्ये वापरात आले. पेनिसिलिन जेथे थिटे पडे, अशा अनेक जंतूंवर ते चाले. सर्दीच्या विषाणूवर मात्र तेही निष्प्रभच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कनजीक सुब्बारावांचे झोपेत निधन झाले. वय अवघे ५३. भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले ते जन्मशताब्दीला, १९९५ मध्ये. सुरतेच्या रांगा तोवर ओसरल्या होत्या.