तिसरा खेळाडू आला की...

पत्त्यांचं नाव काढलं की आमच्या बचत गटातल्या बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात. का पडू नयेत? नवऱ्याने तीन पत्तीत पगार उडवला म्हणून मंगळसूत्र गहाण टाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तरीही मैत्रिणींनो, आज गोष्ट सांगणार आहे ती पत्त्यांच्या डावातून एक शास्त्र उभं करणाऱ्या माणसाची. त्याचं नाव जॉन फॉन नॉयमन.

त्याचा जन्म २८ डिसेंबर १९०३ चा, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. घर सुखवस्तू ज्यू, वडील बँकेत. गणिताने पोट भरेल का, ही वडिलांची काळजी. म्हणून त्याने झुरिकला रसायन अभियांत्रिकी केली आणि जोडीला बुडापेस्टला गणितात डॉक्टरेट मिळवली. दोन्ही १९२६ मध्येच, वय अवघं बावीस!

पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा थोरला भाऊ. पानं लपवून ठेवायची, पाळी आली की पैसे लावायचे, नाहीतर पानं टाकून बाहेर पडायचं. बाकीचे सगळे घाबरून बाहेर पडले, तर हलकी पानं असलेलाही जिंकतो. म्हणजेच हूल! ही हूल नेमकी कधी द्यावी, हे जॉनने गणिताने शोधलं. दोघांच्या खेळात एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा असेल, तर दोघांसाठीही सुरक्षित असा मार्ग काढता येतो, हे त्याने १९२८ च्या निबंधात सिद्ध केलं. पुढे त्याने दाखवलं की भारी पानांवर मोठी बोली लावावीच, पण मधूनमधून अगदी हलक्या पानांवरही लावावी. मधल्या पानांवर मात्र नको. हूल पकडली गेली तरी ती वाया जात नाही. पुढच्या वेळी खरोखर भारी पानं आली, की समोरचा हूल समजून पैसे लावतो.

पण हे झालं दोघांचं. टेबलावर जास्त माणसं असली की हिशेबच बदलतो. समजा, समोरचा प्रत्येक जण निम्म्या वेळा घाबरून पानं टाकतो. समोर एकच असेल तर हूल दोनातून एकदा चालते. दोघे असले तर चारातून एकदा आणि चौघे असले तर सोळातून जेमतेम एकदा! शिवाय एकासमोर चालून जाणाऱ्या बेताच्या पानांपेक्षा भारी पानं चौघांत कुणाकडे तरी असण्याची शक्यता वाढते. म्हणून गर्दीत हूल कमी द्यायची आणि हात खरंच भक्कम असेल तरच पैसे लावायचे.

आणखी एक गंमत. खेळाच्या नियमांत बसत असेल, तर तिघांत दोघे मिळून तिसऱ्याला पाडू शकतात. ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर १९४४ मध्ये लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात जॉनने हेच मांडलं. माणसं वाढली की मुख्य प्रश्न उरतो तो कोण कुणाच्या बाजूने, हा. आणि ही जोडीही कायमची नसते. एकटा पडलेला जास्त वाटा देऊ करून ती फोडू शकतो. सासू, सून, नणंद आठवल्या ना? हसू नका!

स्वतः जॉन मात्र पोकरचा पट्टीचा खेळाडू नव्हता. पहिलं लग्न मोडल्यावर १९३८ मध्ये त्याने क्लाराशी लग्न केलं. गणिताचं मोठं शिक्षण नसलेल्या या बाईने १९४८ मध्ये एनिॲक या सुरुवातीच्या संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिले. पहिल्या लग्नाची मुलगी मरीना अर्थतज्ज्ञ झाली. १९७२ मध्ये अमेरिकन अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळातली ती पहिली स्त्री ठरली.

जॉनची दुसरी बाजूही सांगायला हवी. नागासाकीवर पडलेल्या अणुबॉम्बच्या रचनेत त्याचा हात होता आणि कोणत्या शहरांवर बॉम्ब टाकायचा हे ठरवणाऱ्या समितीतही तो बसला होता. एवढी बुद्धी, पण डावावर लागली माणसं! १९५५ मध्ये त्याला कॅन्सर निघाला. सगळ्याचा हिशेब मांडणारा हा माणूस मरणाला फार भ्यायला. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, ५३ व्या वर्षी तो गेला.

हे सगळं मला का आठवलं? आमच्या गटातली एक ताई जमिनीच्या वाटणीच्या बैठकीला एकटी गेली. तीन दिरांसमोर तिने कोर्टात जाण्याची हूल दिली. हातात कागद एकही नव्हता. एकजण जरा चपापला, पण बाकीच्या दोघांनी हसून उडवून लावलं. पुढच्या वेळी ती सातबाऱ्याचा उतारा घेऊन गेली आणि धाकट्या जावेला आधीच आपल्या बाजूला वळवून गेली. त्या दिवशी आवाज न चढवता तिचा हिस्सा कबूल झाला.

पत्ते खेळू नकाच, बायांनो. पण बैठकीला बसण्याआधी समोर किती जण आहेत, ते मोजून घ्या.